रजेवर आलेली तलवार

मसूर स्टेशनाकडून उंब्रजला येताना एक माळ लागतो, त्याला आमच्याकडं कंडमचा माळ म्हणतात. आता तिथं ऊस उभा असतो. नव्या पोरांना वाटतं, जमीन नापीक होती म्हणून हे नाव पडलं असेल. जमिनीला उगाच नावं ठेवू नयेत. कंडम होता तो माल, आणि तो सरकारचा होता.

लढाईच्या दिवसांत लष्करानं हा माळ ताब्यात घेतला, भोवती काटेरी तार ओढली आणि पत्र्याच्या शेडी उभ्या केल्या. आफ्रिकेत, ब्रह्मदेशात, कुठंकुठं जे मोडलं, फाटलं, उसवलं ते वॅगनी भरभरून इथं यायचं. बूट, पट्टे, तंबू, लोखंडी टोप, पाण्याच्या बाटल्या, खोगिरं. आसपासच्या गावांतल्या बाया रोजगारानं तिथं बसायच्या आणि ज्वारी निवडावी तसा तो माल निवडायच्या. धड असेल ते एका ढिगात, दुरुस्त होण्याजोगं दुसऱ्या ढिगात आणि कशाच्याच कामाचं नाही ते तिसऱ्या ढिगात, म्हणजे कंडम. शिवाय नियम असा की चामडं चामड्यात, कापड कापडात, लोखंड लोखंडात. बूट एका शेडीत जायचा आणि त्याचे खिळे दुसरीत. गावोगावची धडधाकट पोरं ज्या रुळांवरून जायची त्याच रुळांवरून फाटके बूट परत यायचे, पण या देवघेवीत कुणाला काही वावगं दिसलं नाही. आमच्या गावाला तर मुळीच नाही, कारण आमच्या गावात हंबीरराव होते.

हंबीरराव पलटणीतून निवृत्त झाले ते हवालदार म्हणून. सुभेदार त्यांना गावानं केलं आणि त्यांनी हरकत घेतली नाही. भरतीची त्यांना भारी हौस. कुणाच्या ओठावर मिसरूड दिसलं की हे त्याच्या बापाला गाठायचे. एक मात्र कबूल केलं पाहिजे. त्यांनी सगळ्यांच्या आधी आपला एकुलता एक जोतिबा भरतीला उभा केला. लोकांची पोरं पुढं आणि आपलं मागं, असला माणूस तो नव्हता.

एकदा मामलेदार गावात आले आणि चावडीपुढं म्हणाले, सरकारला लोखंड पाहिजे. लोकांनी मोडके फाळ आणले, चाकाच्या धावा आणल्या, बनुबाईनं तर फुटका तवा आणला. हंबीररावांना हे फार खाली बघायला लावणारं वाटलं. ते घरी गेले, भिंतीवरची लाल मखमली म्यानातली तलवार काढली आणि मामलेदारांच्या टेबलावर ठेवून भाषण केलं. ही तलवार त्यांच्या पणजोबांनी कुठल्या लढाईत गाजवली होती ते भाषणागणिक बदलायचं, त्यामुळं ते इथं सांगत नाही. मामलेदारांनी उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली. मग काय, जिल्हाभर ते लोण पसरलं. कराडहून, कोरेगावातून, पार तासगावाकडून तलवारी निघाल्या. सरकारला लोखंडाची गरज किती होती कोण जाणे, पण त्या वर्षांत साताऱ्यातल्या घराघरांत तलवार नसावी, याची गरज फार होती.

या सगळ्या तलवारी माळावरच्या डेपोत आल्या आणि अजितकुमारच्या ताब्यात गेल्या. अजितकुमार सांगलीकडचा जैन तरुण, मॅट्रिक झालेला, डेपोचा स्टोअरकीपर. दिवस बुडायच्या आत जेवणारा, पाणी गाळून पिणारा, वाटेतली मुंगी चुकवून चालणारा. जिल्ह्यातली सगळी हत्यारं सांभाळायला सरकारला नेमका हाच सापडला. त्यानं नियमाप्रमाणं म्यानं चामड्याच्या शेडीत टाकली आणि पाती लोखंडाच्या. पुढं मात्र काम अडलं. कुणाच्या पणजोबांची तलवार धड समजायची, दुरुस्तीजोगी समजायची की कंडम, हे कुठल्याच नियमात सांगितलेलं नव्हतं. डेपोचा गोरा साहेब म्हणाला, वरून विचारून घेऊ. वरचे लढाईत होते. तलवारी गंजत पडल्या.

इकडं जोतिबाचं लग्न ठरलं होतं. मुलगी अंजना, कराडच्या खालच्या अंगाला कृष्णाकाठी राहणाऱ्या नाथाजींची लेक. चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात जोतिबाला रजा मिळणार होती. ती मिळाली नाही, इटलीत काम निघालं. पावसाळ्यानंतर सिंहस्थ लागत होता आणि मग वर्षभर लग्नाचा मुहूर्त नव्हता. नाथाजी काळजीत पडले. एवढी वाढलेली पोर आणखी वर्षभर घरात कशी ठेवायची? तेव्हा हंबीररावांनी मिशीवर हात फिरवला.

"त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "आमच्या घराण्यात नवरा लढाईवर आसला की त्याची तलवार वरातीनं जाती. पोरगी तलवारीला माळ घालती. लगीन पक्कं."

चाल जुनीच होती आणि सगळ्यांना माहीत होती. नाथाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. सुपारी फुटली, गूळ वाटला, पाहुणे गेले. मग हंबीररावांच्या बायको राहीबाई माजघरातून बाहेर आल्या.

"आवं, पर तलवार कुटं हाय आपल्याकडं?"

हंबीररावांनी भिंतीकडं बघितलं. तिथं रिकामी खुंटी होती.

दुसऱ्या दिवशी ते फेटा बांधून डेपोत गेले. अजितकुमारनं साहेबापुढं अडचण मांडली. तलवारीशी लग्न लावतात हे ऐकून साहेब आधी हसला, मग बराच वेळ हसत राहिला. शेवटी म्हणाला की नवऱ्याची रजा सरकारनं नाकारली, तर त्याच्या तलवारीची तरी मंजूर करू. लग्न लागलं की तिनं कामावर परत हजर व्हावं. अजितकुमारनं हे जसंच्या तसं मराठीत सांगितलं आणि हंबीररावांनी साहेबाला सलाम ठोकला.

"या, तुमची ओळखून घ्या," म्हणत अजितकुमारनं लोखंडाची शेड उघडली.

हंबीरराव आत गेले. समोर तलवारींचा ढीग होता. सगळ्या सारख्या बाकाच्या, सगळ्यांच्या मुठी लोखंडी, सगळ्यांवर तोच गंज. खरं सांगायचं तर हंबीररावांनी आपली तलवार कधी बघितलीच नव्हती. त्यांनी बघितलं होतं ते लाल मखमलीचं म्यान. उमेदीची वर्षं पलटणीत गेली, आणि घरी आल्यावरही खंडेनवमीला ते नुसत्या अक्षता टाकायचे. म्यानातून पातं काढून चिंचेनं आणि राखेनं घासायचं काम राहीबाईंचं.

"सापडली का, सुभेदारसाहेब?"

"सापडती की. न सापडायला काय झालं?" असं म्हणून त्यांनी त्यातल्या त्यात कमी गंजलेली एक उचलली. "हीच."

"नक्की ना?"

"आपली तलवार वळखू न्हाई ईत, आसं व्हईल व्हय?"

घरी आल्यावर त्यांनी धोतरात गुंडाळलेली ती तलवार राहीबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि त्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळून गोठ्याकडं निघून गेले. राहीबाई परसात चिंच घेऊन घासायला बसल्या. मुठीपासून खाली येता येता धारेच्या मध्यावर त्यांचा अंगठा थांबला. तिथं धारेचा एक टवका उडालेला होता.

तो टवका जोतिबानं उडवला होता. पोर चार-पाच वर्षांचं असताना खंडेनवमीला घासून ठेवलेली तलवार त्यानं दोन्ही हातांनी उचलली आणि दारातल्या दगडी पायरीवर हाणली. पायरीला खाच पडली, तलवारीचा टवका उडाला, पोराच्या पाठीत धपाटा बसला. हंबीरराव तेव्हा सरहद्दीवर होते. ते आल्यावर कळलं तर पोराला फोडून काढतील म्हणून राहीबाईंनी तलवार म्यानात घातली आणि ही गोष्ट कायमची पोटात ठेवली. एवढ्या ढिगातून नवऱ्यानं नेमकी आपलीच उचलून आणली, याचं त्यांना कौतुक वाटलं. हे त्यांचं कौतुक अस्थानी होतं, पण नवऱ्याच्या बाबतीत बायकांचं ते पुष्कळदा तसंच असतं.

लग्न झोकात झालं. तलवारीला फेटा बांधला, मुंडावळ्या बांधल्या, पाटावर उभी केली आणि ती कलंडू नये म्हणून मागं एकजण धरून बसला. अंजनानं माळ घातली. नवरा हूं की चूं करत नाही म्हणून बायकांनी थट्टा केली. मंगळसूत्र राहीबाईंनी बांधलं. सगळं सुरळीत पार पडलं होतं, पण पंगतीत आप्पासो होते.

आप्पासो म्हणजे नाथाजींचे तासगावाकडचे चुलते. भांडल्याशिवाय त्यांना लग्नात जेवल्यासारखं वाटायचं नाही. त्या दिवशी भातात मीठही बरोबर पडलं होतं आणि मानही मिळाला होता, त्यामुळं ते बेचैन होते. त्यांनी पाटावरच्या तलवारीकडं निरखून बघितलं आणि द्रोण खाली ठेवला.

"आरं, ही तर आमची तलवार. ह्यो बाक आमच्या तलवारीचा हाय."

मांडवात गलका झाला. आप्पासोंनीही मामलेदारांच्या सांगण्यावरून तलवार दिली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हंबीरराव पानावरून उठले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तो उन्हाचा आहे असं सगळ्यांना वाटलं.

"आमच्या पणजोबाची तलवार हाय ही! लाज न्हाई वाटत?"

"मग वळख काय, सांगा की."

ओळख हंबीररावांना सांगता येईना. राहीबाईंना सांगता आली असती, पण भर मांडवात बाई काय बोलणार, आणि बोलली तर नवऱ्यापासून इतकी वर्षं लपवलेलं बाहेर येणार. शेवटी कुणीतरी ओरडलं, "आप्पासो, तलवार तुमची आसंल तर नवरीबी तुमचीच झाली म्हनायची!" आप्पासो साठीचे विधुर. त्यांची सून शालूबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की आप्पासोंनी द्रोण पुन्हा उचलला. भांडण तिथं मिटलं. संध्याकाळच्या आत तलवार डेपोत हजर झाली.

अंजना नांदायला आली. माप ओलांडून घरात येताना तिला पायरीतली खाच लागली, तेव्हा राहीबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "संबाळून. तुज्या नवऱ्याची करणी हाय ती." पुढं भाकरी थापता थापता त्यांनी सगळी हकीकत सुनेला सांगितली. नवऱ्याबद्दल अंजनाला जे काही कळलं ते असं, सासूच्या तोंडून. तो साय चोरून खायचा, झोपेत हसायचा, विहिरीत उडी मारताना आईला हाक मारायचा. बघितलं होतं तिनं त्याला एकदाच, तेही मान खाली घालून. राहीबाईंना बोलायला माणूस मिळालं होतं. त्या पावसाळ्यात त्या घरात दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा.

भाद्रपदात तार आली. जोतिबा इटलीत कुठल्याशा नदीकाठी पडला.

घर भरून गेलं. राहीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. म्हाताऱ्या बायांनी अंजनाला मध्ये घेतलं आणि तिचे हात हातात धरले. हिरव्या बांगड्या अजून लग्नातल्याच होत्या. बनुबाईनं दगड मागितला. एवढा वेळ ओसरीवर दगडासारखे बसलेले हंबीरराव तेव्हा उठून दारात आले.

"थांबा. बांगड्या फोडू नका."

सगळे बघत राहिले.

"ती तलवार आमची न्हवती. मला वळखाय आली न्हाई. मी आपली घावली ती उचलली. आप्पासो म्हनत व्हते ते खरं आसंल. आमच्या जोत्याचं ह्या पोरीसंगं लगीन झालंच न्हाई."

हे बोलताना त्यांची मान खाली होती. गावानं ती कधी खाली बघितली नव्हती. आमच्या वरच्या म्हणवणाऱ्या घरांत विधवेचं पुन्हा लग्न होत नसे. पोरगी जन्मभर त्या घरात, पांढऱ्या कपाळानं. आपल्या पोराला आपण गाडीत बसवून दिलं, निदान लोकाची पोर तरी त्याच्यामागं जाऊ नये, एवढंच त्या माणसाच्या डोक्यात होतं. मला हंबीररावांची आयुष्यभर चेष्टा करावीशी वाटली आहे, पण या एका जागी हात थांबतो.

त्या रात्री अंजना सासूच्या कुशीत शिरून म्हणाली, "आत्याबाई, मी कुटं जात न्हाई. मी गेल्यावर तुमास्नी कोन हाय?" राहीबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

पंच म्हणाले, असं नुसत्या तोंडी म्हणण्यावर लग्न मोडत नाही. तलवार बघू. म्हणून गावचे जाणते नानासो, नाथाजी, निरोप धाडून बोलावलेले आप्पासो आणि हंबीरराव, राहीबाई, अंजना, असे सगळे माळावर डेपोत गेले. बूट निवडणाऱ्या बाया हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. रजेवर गेलेली तलवार अजितकुमारनं खूण म्हणून वेगळी ठेवली होती. तिच्या मुठीला मुंडावळ्यांचा दोरा अजून तसाच होता. पातं पुन्हा गंजलं होतं.

"वैनी," नानासो म्हणाले, "हवालदाराचं काय खरं न्हाई. दसऱ्याला तलवार तुमीच घासायच्या. हातात घ्या आन् सांगा. तुमचं म्हननं आखरीचं."

राहीबाईंनी तलवार मांडीवर घेतली. मुठीपासून अंगठा खाली आला आणि धारेच्या मध्यावर थांबला. अंजना त्यांच्या शेजारीच होती. तिनं तो टवका बघितला. पायरीतली खाच ती चार महिने रोज ओलांडत होती, तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. ही आमचीच, एवढे दोन शब्द, आणि अंजना जन्मभर राहीबाईंची. लेकाच्या मागं राहिलेलं एवढं एकच माणूस होतं, आणि ते राहायला तयार होतं.

"आत्याबाई," अंजना हळूच म्हणाली, "सांगा की."

राहीबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग तिच्या बांगड्यांकडं बघितलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ही आमची न्हवं."

हंबीररावांनी सुस्कारा सोडला. आता सगळे आप्पासोंकडं वळले. आप्पासोंची नजर राहीबाईंच्या अंगठ्यावर होती. तो त्या टवक्यावरून निघत नव्हता. आप्पासोंनी तलवार हातात घेतलीच नाही.

"आमचीबी न्हाई," ते म्हणाले. "त्या दिवशी मी उगंच भांडलो."

नानासोंनी सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. "मग लगीन लागलं कुनासंगं?"

नाथाजी तोंड फिरवून रडत होते. नानासो म्हणाले, "न्हाईच लागलं, गड्या. पोरीला घरी घिऊन जा."

अजितकुमार आतापर्यंत दारात अवघडून उभा होता. आता त्याचा चेहरा खुलला. दोन वर्षं अडलेला त्याचा प्रश्न सुटला होता. ज्या मालाला मालक नाही आणि जो कामाचा नाही, तो कोणता हे नियमात स्पष्ट होतं. त्याला राहीबाईंचं काय गेलं ते कळलं होतं, आणि त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

"म्हणजे ही कंडम झाली," तो म्हणाला. "कंडम माल मी कुणालाही देऊ शकतो, आई. साहेब काही म्हणणार नाहीत. हवी तर घेऊन जा. मुलाची आठवण म्हणून भिंतीवर राहील."

राहीबाईंची बोटं मुठीभोवती आवळली. मग सुटली.

"लोकाची तलवार घिऊन काय करू, लेकरा?"

त्या उठल्या आणि आपल्या हातानं ती तलवार कंडमच्या ढिगावर, मोडक्या टोपांच्या वर ठेवली. हाताला लागलेला गंज त्यांनी पदराला पुसला. थोड्या दिवसांनी वॅगन आली आणि तो ढीग घेऊन गेली.

सिंहस्थ संपल्यावर अंजनाचं लग्न माझ्या धाकट्या चुलत्याशी झालं. या खेपेला नवरा स्वतः हजर होता. हे सगळं मला अंजनाकाकीनं सांगितलं, राहीबाई गेल्यानंतर. त्या असेपर्यंत काकी दर दसऱ्याला त्यांना सोनं द्यायला जायची. लढाई संपली, डेपो उठला, तारा उपटून लोकांनी आपापल्या शेताला लावल्या. हंबीररावांनी भरतीचं नाव टाकलं, पण बोलायची हौस गेली नाही. पाहुणा आला की ते दारातल्या पायरीवर बसून त्याला सांगायचे, "जन्मात एकदाच मान खाली घातली, पर खरं बोललो. इचारा हिला."

"व्हय," राहीबाई आतून म्हणायच्या. "खरं बोललासा."

खंडेनवमीला त्या घरी आता पूजेला तलवार नव्हती. विळा, कोयता, नांगराचा फाळ मांडून पूजा व्हायची. ती झाली की राहीबाई ताट घेऊन बाहेर यायच्या. "आवं, पाय जरा बाजूला घ्या," असं नवऱ्याला म्हणायच्या आणि पायरीतल्या त्या खाचेत हळदकुंकू वाहायच्या. दारातल्या पायरीची पूजा घरोघरी होतेच, त्यामुळं हंबीरराव पाय बाजूला घ्यायचे आणि आपली गोष्ट पुढं सांगायला लागायचे.